चित्राआधीचं अस्तर
एअरब्रशचं मोठं चित्र बिघडतं ते बहुधा अस्तरात. एअरब्रशचं नोझल जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं, त्याचा फवारा तिरका पडला की भिंतीवरचा प्रत्येक खडा एकाच बाजूने रंगतो आणि चेहऱ्याची मऊ छाया खरबरीत दिसते. म्हणून आधी लांबी भरून, घासून, धूळ पुसून घ्यायची. अस्तर मात्र एअरब्रशने नको, पट्टे उमटतात, मोठ्या नोझलची स्प्रे गन हवी. फवाऱ्याच्या कडांना रंग विरळ पडतो, त्यामुळे प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा आणि मनगट न वळवता हात समांतर न्यायचा. रोलर स्वस्त पडतो, हे खरं. पण त्याचे दाणे घासण्यात ती बचत जाते. दुरून पाहायच्या भिंतीला मात्र रोलर पुरतो.