मधलं फूल कुणाचं?

थंडी पडली की वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांना बॅडमिंटनचा नाद लागतो. नांदगाव खंडेश्वर घ्या, दर्यापूर घ्या, मूर्तिजापूर घ्या. एखाद्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, दोन बांबू रोवून जाळी ताणली जाते, वर दिवे टांगले जातात. दिवसभर कापूस-तुरीच्या भावावर बोलून दमलेली माणसं आणि कॉलेजची पोरं अंधार पडताच रॅकेट घेऊन हजर होतात. कोर्ट एक आणि वाट पाहणारे दहा, त्यामुळे एकेरी खेळण्याची चैन कुणालाच परवडत नाही. खेळ चौघांचाच असतो. आणि त्या खेळात दर पाच मिनिटांनी एक प्रसंग हमखास घडतो. फूल दोघांच्या बरोबर मधून जमिनीवर पडतं, दोघंही एकमेकांकडे बघतात आणि आवाज येतो, "थे तुह्यं होतं ना बे!"

या भांडणातच दुहेरी बॅडमिंटनचं सगळं मर्म आहे. व्यावसायिक खेळाडू आयुष्याची पंधरा-वीस वर्षं या एकाच प्रश्नाच्या मागे घालवतात: मधलं फूल कुणाचं?

उत्तर सोपं वाटतं, पण ते क्षणाक्षणाला बदलतं. दोघंही उजव्या हाताने खेळणारे असतील, तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा फोरहँड कोर्टाच्या मध्यावर येतो. म्हणून मधलं फूल त्याचं. पण बचावाच्या वेळी दुसराही एक नियम चालतो. स्मॅश ज्याच्या समोरून येतोय त्याने आपली कडेची रेघ राखायची आणि तिरका उभा असलेल्याने मधली जागा झाकायची. हे दोन नियम कधी एकाच खेळाडूकडे बोट दाखवतात, कधी दोघांकडे. आता जोडीतला एक डावखुरा असेल तर? डावखुरा डावीकडे आणि उजवा उजवीकडे असेल तर दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला जातात आणि मध्यावर दोन बॅकहँड उरतात. त्यांनी जागा बदलली की मध्यावर दोन फोरहँड येतात. एकाच रॅलीत हे चित्र चार वेळा पालटतं. निर्णयाला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ असतो, आणि तो दोन डोक्यांनी, न बोलता, एकच घ्यायचा असतो. मला यापेक्षा अद्भुत गोष्ट कुठल्याच खेळात दिसलेली नाही.

कोर्टाची मापं पाहिली की हा खेळ वेगळाच का आहे ते लक्षात येतं. लांबी १३.४० मीटर, ती दोन्ही प्रकारांत सारखीच. एकेरीची रुंदी ५.१८ मीटर, दुहेरीची ६.१० मीटर. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले तरी जागा एक मीटरसुद्धा वाढली नाही. मोकळी जागा शोधून फूल टाकणं हा एकेरीचा आत्मा. दुहेरीत मोकळी जागा मुळात नसतेच. ती समोरच्या दोघांना हलवून तयार करावी लागते. त्यात सर्व्हिसचं मैदान आणखी आखूड केलेलं आहे. दुहेरीत सर्व्हिस मागच्या रेघेच्या ७६ सेंटिमीटर अलीकडेच पडावी लागते. त्यामुळे उंच आणि लांब सर्व्हिस केली की समोरचा एक पाऊल मागे टाकून तिच्यावर तुटून पडतो.

टेनिसमध्ये सर्व्हिस हे हत्यार असतं. बॅडमिंटनच्या दुहेरीत सर्व्हिस करणाराच संकटात असतो. फूल रॅकेटला लागताना जमिनीपासून १.१५ मीटरच्या वर असता कामा नये, हा नियम २०१८ पासून आहे. म्हणजे फटका खालून वर, जाळीवरून जेमतेम घसटत जाणारा. जाळी मध्यावर १.५२४ मीटर उंच. समोर घेणारा पहिल्या रेघेच्या अगदी जवळ पाय रोवून, रॅकेट डोक्याच्या वर धरून टपलेला असतो. फूल बोटभर वर गेलं तरी गुण गेला. म्हणून मोठ्या सामन्यात सर्व्हिस करणाऱ्याचा हात पाहावा. दोन बोटांच्या चिमटीत पिसाचं टोक, रॅकेट पोटाजवळ, मनगट जवळजवळ स्थिर, आणि मग अर्धा सेकंद काहीच नाही. प्रेक्षकांना पुढचा स्मॅश आठवतो, पण गुणाचा निकाल कित्येकदा पहिल्या तीन-चार फटक्यांतच लागलेला असतो.

स्मॅशचाही एक चमत्कार आहेच. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि तो गिनीज विक्रम ठरला. समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच जातो. तिथे मोटारींना परवानगी ताशी १२० ची आहे. पण हा वेग रॅकेटवरून सुटतानाचा. सोळा पिसांचा तो घेर हवेला असा काही अडतो की पाच ग्रॅमचं फूल समोर पोचेपर्यंत बहुतेक वेग गमावून बसतं. म्हणून तर बचाव शक्य होतो, आणि म्हणून एक स्मॅश पुरत नाही. मागच्याने मारत राहायचं, पुढच्याने जाळीजवळ दबा धरून अर्धवट आलेलं फूल ठेचायचं. हल्ल्यात एकामागे एक, बचावात शेजारी-शेजारी, आणि या दोन रचनांमधली अखंड फिरकी. दुहेरीचा खेळाडू म्हणजे ही फिरकी अंगात मुरलेला माणूस.

असा माणूस विदर्भाच्या मातीतून निघाला आहे. खरं तर निघाली आहे.

७ सप्टेंबर १९८३ रोजी वर्ध्यात ज्वाला गुट्टाचा जन्म झाला. वर्धा म्हणजे आपला शेजार. वडील क्रांती गुट्टा तेलुगू, आई येलान चिनी. येलान १९७७ मध्ये आपल्या आजोबांबरोबर भारतात आल्या होत्या, गांधीजींचं लेखन चिनी भाषेत नेण्याच्या कामासाठी. सेवाग्रामच्या ओढीने आलेल्या एका घरातून भारताची सर्वात मोठी दुहेरीची खेळाडू यावी, हा योग मला फार विलक्षण वाटतो. पुढे कुटुंब हैदराबादला गेलं, तिथे एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली ती घडली. डावखुरी, उंच, जाळीजवळ निर्भय. श्रुती कुरियनबरोबर तिने राष्ट्रीय दुहेरीची विजेतेपदं ओळीने जिंकली, व्ही. दिजूबरोबर मिश्र दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत पोचली, आणि मग तिला अश्विनी पोनप्पा मिळाली. अश्विनीचा मागून येणारा तुफान स्मॅश आणि पुढे ज्वालाचा डावा हात. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. जागतिक स्पर्धेत त्याआधीचं भारताचं एकमेव पदक प्रकाश पदुकोण यांचं होतं, १९८३ सालचं, म्हणजे ज्वालाच्या जन्मवर्षातलं. दुहेरीत तर भारताला तिथे तोवर काहीच मिळालेलं नव्हतं.

मराठी मुलखाला दुहेरी नवी नाही. ज्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी हा खेळ रुजवला, तिथल्या क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या तीन मुली, सुंदर, सुमन आणि तारा, १९४० च्या दशकात देशभर गाजल्या. सांगलीचे नंदू नाटेकर एकेरीसाठी आठवले जातात, पण त्यांनी पुरुष दुहेरीची राष्ट्रीय विजेतेपदंही सहा वेळा जिंकली. प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसांबरोबर १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. तरी पेपरात मथळा एकेरीचा आणि दुहेरी तळाशी दोन ओळींत, ही रीत फार वर्षं चालली. ज्वालाने या दुजाभावाविरुद्ध उघडपणे, वारंवार आवाज उठवला. मला वाटतं, तिच्या पदकांइतकंच हेही मोलाचं आहे.

दुहेरीच्या कारकिर्दीचा सर्वात अवघड भाग कोर्टाबाहेर आहे. जागतिक क्रमवारीत दुहेरीचा क्रमांक खेळाडूचा नसतो, जोडीचा असतो. गेल्या ५२ आठवड्यांतल्या उत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात, आणि ते दोघांच्या एकत्र नावावर असतात. आपल्याकडे शंकरपटात जोड पाहतात, एकट्या बैलाला कुणी विचारत नाही, तसंच हे. जोडीदार बदलला की नव्या जोडीचा क्रमांक तळापासून चढायचा. जोडीदार जायबंदी झाला की तुम्हीही घरी. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिराग शेट्टीच्या पाठीने दगा दिला आणि त्याच्यासह जोडीदार सात्विकलाही सामना अर्धवट सोडावा लागला. पैशांचंही तेच. २०२३ च्या इंडोनेशिया ओपनची एकूण बक्षिसं साडेबारा लाख डॉलरची होती. एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर, आणि दुहेरीच्या जोडीला मिळून ९२,५००. ती स्पर्धा चिराग आणि सात्विकने जिंकली. प्रत्येकाच्या वाट्याला एकेरीवाल्याच्या निम्म्याहून किंचित जास्त.

चिराग मुंबईचा, १९९७ चा जन्म, गोरेगावला उदय पवार यांच्या अकादमीत सुरुवात. सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, तीन वर्षांनी लहान. दोघंही उंच, दोघंही मागून मारणारे. अशा दोघांना एकत्र का आणायचं, हे सुरुवातीला त्यांनाही पटत नव्हतं. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी ते घडवलं. त्यातून चिरागला जाळीजवळचा खेळ शिकावा लागला. स्मॅश हेच ज्याचं वैभव, त्याने तो दुसऱ्याकडे सोपवून पुढे वाकून उभं राहायचं, डोक्यावरून साथीदाराचे तोफगोळे जाऊ द्यायचे आणि मागे वळून बघायचंही नाही. एवढा विश्वास एका दिवसात येत नाही. तो आला, तेव्हा १५ मे २०२२ रोजी बँकॉकला थॉमस चषक या सांघिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत या दोघांनी मॅच पॉइंट वाचवून मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असं हरवलं. भारताने पहिल्यांदाच तो चषक उचलला. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि लगेच १० ऑक्टोबरला जगात पहिला क्रमांक. भारताच्या कुठल्याही जोडीला तोवर तो मिळाला नव्हता.

ऑलिंपिक मात्र या खेळाला दरवेळी निराळीच परीक्षा देतं. तिथे आधी गटात खेळायचं असतं. २०१२ ला लंडनमध्ये ज्वाला-अश्विनीने तीनपैकी दोन सामने जिंकले. गटात तीन जोड्या बरोबरीत आल्या आणि एका गुणाच्या फरकाने आपल्या मुली बाहेर पडल्या. एका गुणाने! त्याच दिवशी इतर काही गटांत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरण्याचा लाजिरवाणा खेळ झाला आणि आठ खेळाडूंना स्पर्धेतून काढण्यात आलं. नऊ वर्षांनी टोकियोत पुन्हा तेच गणित. चिराग-सात्विकने तीनपैकी दोन जिंकले, पुन्हा तीन जोड्या बरोबरीत, पुन्हा आपण बाहेर. त्यांनी त्या गटात ज्यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असं हरवलं होतं ते तैवानचे ली यांग आणि वांग ची-लिन पुढे सुवर्णपदक घेऊन गेले, आणि २०२४ ला पॅरिसमध्येही तेच जिंकले. पॅरिसला चिराग-सात्विक उपांत्यपूर्व फेरीत तीन गेममध्ये हरले.

तरी दुहेरीच्या कारकिर्दीला एक देणगी आहे, लांब आयुष्याची. एकेरीत सगळं कोर्ट एकट्याच्या पायांवर असतं. गुडघे थकले की संपलं. दुहेरीत पाय थकले तरी डोकं आणि हात उपयोगी पडतात, विशेषतः जाळीजवळ. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान १९८४ चा. मार्किस किडोबरोबर २००७ मध्ये जगज्जेता आणि २००८ मध्ये ऑलिंपिक विजेता. ती जोडी सुटल्यावर अहसानबरोबर २०१३, २०१५ आणि २०१९ मध्ये पुन्हा जगज्जेता. निवृत्त झाला जानेवारी २०२५ मध्ये, चाळिशीत. त्याचा खेळ पाहताना तो कधी धावतोय असं वाटतच नसे. फूल जिथे येणार तिथे तो आधीच उभा असे.

आपल्याकडे अश्विनी तशी. ज्वालानंतर तिने नव्याने जोड्या जमवल्या. २०२३ च्या सुरुवातीला तिच्याबरोबर आली तनीषा क्रास्टो, गोव्याच्या कुटुंबातली, दुबईत जन्मलेली, तिच्याहून जवळपास चौदा वर्षांनी लहान. वर्ष संपायच्या आत त्यांनी गुवाहाटीची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघी पॅरिसला ऑलिंपिक खेळल्या. तिथे सामना एकही हाती लागला नाही, पण इतक्या कमी काळात तिथवर पोचणं हीच मोठी मजल होती.

तनीषा मिश्र दुहेरीतही खेळते, ध्रुव कपिलाबरोबर. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत ते दोघे उपांत्यपूर्व फेरीत पोचले. महिला दुहेरीत तिला मागे-पुढे, आजूबाजूला सतत जागा बदलावी लागते, मागून स्मॅशही मारावा लागतो. मिश्र दुहेरीत बाईने शक्यतो जाळी सोडायची नसते. तिने पुढून फूल खाली दाबायचं आणि मागचा हल्ला पुरुषाने करायचा. स्पर्धेच्या एकाच दिवशी तिचे दोन्ही सामने लागू शकतात. सकाळी एक जोडीदार, एक रचना, एक क्रमवारी. दुपारी दुसरा जोडीदार, दुसरी रचना आणि दुसरीच क्रमवारी.