जुना पाळणा, नवे बाळ

घरात बाळ येणार असले की पाळण्याची गोष्ट निघतेच. नवा पाळणा विकत घेणारे थोडे. बहुतेकांच्या माळ्यावर एक पाळणा असतो. आपल्याकडे नसला तर मावशीकडे असतो, नाहीतर काकांकडे असतो. एका घरची लेकरे मोठी झाली की पाळणा दुसऱ्या घरी जातो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडे जा की मलकापूर-जळगाव जामोदकडे जा, रीत हीच.

रीत चांगली आहे. पैसा वाचतो. नाते टिकते. सागाचा पाळणा असेल तर तो दोन-तीन पिढ्यांना सहज पुरतो. पण घरी आलेला प्रत्येक जुना पाळणा बाळाला निजवण्याजोगा असतोच असे नाही. तो तपासून घ्यावा लागतो.

तपासायचे म्हटले की घरातली आजी रागावते. ती म्हणते, "व माय! याच पायन्यात माही पाच लेकरं वाढली. काय झालं त्याइले?"

आजीचे म्हणणे खोटे नाही. पण तेव्हा पाळणा नवा होता. दोर नवा होता, कड्या नव्या होत्या. त्यानंतर तो वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडून राहिला. वर टिनाचा पत्रा. उन्हाळ्यात पत्रा तापला, पावसाळ्यात गळला. लाकूड ओलीने फुगले, उन्हाने आकसले. सांधे सैल झाले. दोराला उंदीर लागला. म्हणजे आजीची लेकरे ज्या पाळण्यात वाढली, तो पाळणा आता तसाच राहिलेला नाही.

म्हणून आधी एक प्रश्न विचारा. पाळणा इतकी वर्षे कुठे ठेवला होता?

हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. आपण कपाशी आणि सोयाबीन पेरणारे लोक. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, पंप, खताची पोती ज्या खोलीत ठेवतो, त्याच खोलीत घरातले जुने सामान टाकतो. बाटली कलंडते. औषध सांडते. लाकूड ते पिते, दोर आणि गादीचा कापूस तर जास्तच पितो. वरून पुसले तरी आत मुरलेले औषध राहते. त्याला आपण औषध म्हणतो, पण ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तर धडधाकट माणसे होती. तान्हे बाळ तीन किलोचे. ते दिवसरात्र त्याच लाकडाशेजारी निजणार, तेच हाताने धरणार, पुढे तोंडात घालणार. पाळण्याला फवारणीचा वास येत असेल, किंवा त्यावर औषधाचा डाग असेल, तर तो पाळणा वापरू नका. धुऊन वापरू, ऊन दाखवून वापरू, असा विचारही नको.

साध्या धुळीचे तसे नाही. धूळ धुतली की जाते. ढेकूण असतील तर उकळते पाणी ओता, कडक ऊन दाखवा. ढेकणासाठी म्हणून पाळण्यात कीटकनाशक मारू नका. नाहीतर चांगला पाळणा आपणच विषारी करून ठेवू.

आता पाळणा अंगणात उजेडात आणा. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत काय? खाली पिठासारखा भुगा पडतो काय? तिथे दाभण टोचून पाहा. दाभण सहज आत गेले तर लाकूड आतून पोखरलेले आहे. कठड्याची एखादी पट्टी अशी असेल तर सुतार ती बदलून देईल. पण तळाची चौकट किंवा मुख्य खांब पोखरलेला असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नये.

मग मूठभर कापूस घ्या आणि सगळ्या लाकडावरून फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे कुसळ आहे किंवा खिळा वर आला आहे. बोटाला कळत नाही ते कापसाला कळते. खिळा ठोकून बसवा. कुसळ काचकागदाने घासा. मात्र पाळणा रंगवलेला असेल तर घासू नका. ते का, हे पुढे सांगतो.

यानंतर कठड्याचे गज पाहा. दोन गजांत किती अंतर आहे? बऱ्याच जुन्या पाळण्यांत हे अंतर जास्त असते. पाहायला सुबक दिसते, पण धोका तिथेच आहे. बाळाचे अंग लवचिक असते. पाय आणि धड फटीतून घसरून बाहेर जाते. डोके मात्र मोठे असते. ते अडकते, आणि बाळ मानेवर लटकते. अशा अपघातांमुळे अमेरिकेत १९७३ साली बाळाच्या पलंगासाठी नियम झाला, की दोन गजांत सुमारे सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असू नये.

सहा सेंटीमीटर मोजायला शाळेतल्या पोराची पट्टी घ्या. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, तेव्हा दुसऱ्याकडे जायची गरज नाही. पट्टीचे टोक लावू नका, शून्याची रेघ एका गजाच्या आतल्या कडेला लावा. दुसऱ्या गजाची आतली कड कोणत्या आकड्यावर येते ते पाहा. सहा किंवा सहाच्या आत आले तर ठीक. सात आले, आठ आले, तर सुतारदादाला सांगून मधे एकेक पट्टी बसवून घ्या. काम थोड्या वेळाचे आहे. एक फट मोजून थांबू नका, सगळ्या मोजा. गज हलतो काय तेही पाहा. ढिला गज सरकला की सहाचे आठ होतात. काही बाया गजांना साडी गुंडाळतात. तो उपाय नव्हे. साडी सुटून बाळाच्या तोंडावर येते, आणि वाराही अडतो.

शहरातल्या नातेवाइकांकडून कधी पाळण्याऐवजी बाळाचा पलंग येतो. त्याची एक बाजू खाली-वर सरकणारी असेल तर सावध राहा. खटका झिजला की ती बाजू अर्धवट सुटते आणि फटीत बाळ अडकते. अमेरिकेत २०११ पासून असे पलंग विकायलाच बंदी आहे. अशी बाजू सुताराकडून पक्की बसवून घेण्यापेक्षा तो पलंग न घेतलेला बरा.

आता टांगण्याचे. दोर जुना असेल तर तपासत बसू नका, सरळ नवा आणा. अंबाडीचा असो, सुती असो, जुन्या दोराचा भरवसा नाही. बाहेरून चांगला दिसतो आणि आतून कुजलेला असतो. साखळी असेल तर प्रत्येक कडी पाहा. एक कडी दुसऱ्या कडीला जिथे घासते, तिथेच ती झिजून बारीक होते. वरच्या तुळईचा किंवा पाइपाचा आकडाही पाहा. पाळणा नवा केला आणि आकडा जुनाच ठेवला, असे पुष्कळ घरांत होते.

मग वजनाची परीक्षा घ्या. पाळण्यात पंचवीस किलो ज्वारी ठेवा. चांगले झोके द्या. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी गाठ सरकली काय, आकडा वाकला काय, लाकूड करकरते काय, ते पाहा. तुम्ही म्हणाल, बाळ तीन किलोचे, मग पंचवीस किलो कशाला? घरातली मोठी पोरे पाळण्यात बसल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून.

पाळणा जमिनीपासून हातभर उंच असावा, जास्त नको. गादी टाकल्यावर कठडा वीतभर तरी वर उरला पाहिजे. उन्हाळ्यात पाळणा तापलेल्या पत्र्याच्या अगदी खाली टांगू नका. गादी घट्ट असावी. हाताने दाबली तर खड्डा पडू नये. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. बाळाला पाठीवर निजवा. राईची उशी नको, दुसरी उशीही नको, जड गोधडी नको. वर राघू-मैना टांगायची हौस असेल तर बाळाचा हात पोचणार नाही इतकी उंच टांगा. लोंबती दोरी मानेभोवती गुंडाळली जाते. पाळण्यात निजवताना गळ्यातला काळा दोराही काढून ठेवावा.

रंगाचे आता सांगतो. जुन्या काळी रंग चमकावा आणि टिकावा म्हणून त्यात शिसे घालत. पिवळ्या आणि तांबड्या रंगांत ते विशेष असे. दात येऊ लागले की बाळ कठडा चावते. रंगाचा कण पोटात जातो. शिसे शरीरात साठते आणि मेंदूची वाढ बिघडवते. मूल मंद होते, आणि त्याचे कारण घरात कोणाला कळत नाही. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून कायदा लागू झाला, की घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यात शिसे आहे असेच समजावे. रंगाचे पोपडे सुटत असतील तर तो पाळणा नको. घरी घासून रंग काढायला जाऊ नका. त्याची धूळ रंगापेक्षा वाईट, ती घरभर पसरते. पोटुशी बाई तर तिथे नकोच. माझे मत विचाराल तर बिनरंगी सागवानी पाळणा सर्वांत बरा. चांगल्या सागाला रंगाची गरजच पडत नाही.

इथे शेंदराचीही गोष्ट आली. शेंदूर हा शिशापासूनच करतात. बारशाला पाळण्याची पूजा करताना हळद-कुंकू जरूर वाहा, पण पाळण्याला शेंदूर लावू नका.

पाळणा सगळ्या परीक्षांत उतरला तरी तो काही महिन्यांचाच सोबती. बाळ कुशीवर वळू लागले, हातावर जोर देऊन छाती उचलू लागले, की पाळणा बंद करावा. हे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात होते. मग खाली घट्ट गादीवर निजवावे.

पाळणा नापास झाला तर काय? पुष्कळ बाया साडीची झोळी बांधतात. शेतात निंदायला जाताना दुसरा उपाय नसतो, हे खरे. पण झोळीत बाळ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि लहान बाळाचा श्वास कोंडू शकतो. झोळीत झोके घेताना मोठ्या पोरांच्या गळ्याला पीळ बसल्याच्या नोंदीही आपल्या देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. रात्रभर निजवायला झोळी नको. जमिनीवर चटई, तिच्यावर घट्ट गादी, हे झोळीपेक्षा चांगले. बाळ जन्मल्यावर पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी अनेकदा येते. तिला बाळाची निजण्याची जागा दाखवा आणि विचारा.

उरला प्रश्न मावशीचा. तिने मायेने पाळणा दिला, आता नको कसे म्हणायचे? खरे काय ते सांगावे. पट्टी लावून फट दाखवावी. बारशाला त्याची पूजा करावी, आणि बाळाला दुसरीकडे निजवावे. यात मावशीचा अपमान होत नाही. फक्त असा पाळणा पुढे तिसऱ्या घरी जाऊ देऊ नका. आणि रंगाचे किंवा औषध मुरलेले लाकूड चुलीत घालू नका. त्याचा धूर घरातच राहतो, आणि चुलीजवळ बाळंतीण शेकायला बसलेली असते.