मीठ कुणाचे?
हिंगोलीची छावणी, प्रजासत्ताकाची सेना आणि पहाटे धावणारी पोरं

हिंगोलीत पत्ता सांगताना माणसे सहज बोलून जातात: पलटनमध्ये, रिसाल्यात, तोफखान्याजवळ, पेन्शनपुऱ्यात, सदर बाजारात. पलटन म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. नोकरी संपवून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिपायांची वस्ती तो पेन्शनपुरा. छावणी उठली त्याला सव्वाशे वर्षे होत आली. बराकी गेल्या, तबेले गेले, पण नावे लोकांच्या तोंडी राहिली. रेल्वे स्थानकाचे नावही ‘हिंगोली डेक्कन’.

याच शहराबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे साडेचारला पोरं धावत असतात. हळदीच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणारा डांबरी रस्ता, कडेच्या दगडावर ठेवलेला मोबाइल, त्यावर चालू असलेले घड्याळ. एक जण वेळ सांगतो, बाकीचे दात-ओठ खात शेवटचे दोनशे मीटर काढतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणीच. ‘सोळाशे किती बसली?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचे, एवढे एकच वेड.

जुन्या छावणीतला शिपाई आणि हा धावणारा मुलगा यांच्यामध्ये दोनशे वर्षांचा इतिहास आहे. खाल्ल्या मिठाला जागणे ही आपल्याकडची शिपाईगिरीची सर्वांत जुनी कसोटी. सैनिकाने मिठाला जागावे यात कधीच दुमत नव्हते. पण ते मीठ कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर हिंगोलीच्या मातीत काळाबरोबर बदलत गेले. भारतीय सेना ‘राष्ट्रीय’ कशी झाली, हे मला या बदलातूनच सर्वांत स्पष्ट दिसते.

निजामाचा पैसा, इंग्रजांचा हुकूम

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या नावाने कवायती पलटणी उभ्या केल्या. ‘रसेल ब्रिगेड’ म्हणून ती फौज ओळखली गेली. पगार निजामाने द्यायचा, अंमलदार मात्र इंग्रज, आणि हुकूम रेसिडेन्सीतून सुटायचा. पुढे अशा पलटणींची मिळून ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. त्या सीमेवरची हिंगोली लष्कराला सोयीची होती. छावणीमुळे दवाखाने आले, व्यापारी आले, बाजारपेठ वाढली.

या फौजेचा सुरुवातीचा एक पराक्रम आपल्याच मुलखातला आहे आणि तो आपल्याच माणसांविरुद्धचा आहे. १८१९ च्या जानेवारीत हदगाव भागातल्या नाव्हा येथील गढीला तिने वेढा घातला. गढीत हटकरांचा नायक नोवसाजी नाईक आपल्या माणसांसह ठाण मांडून होता. सुरुंग लावून तट फोडला गेला, गढी पडली. त्या लढाईचा मान ‘नोवा’ या नावाने ब्रिटिशांनी पलटणींना दिला. ज्या रयतेच्या मुलखात छावणी, त्याच मुलखातल्या बंडाचा मोड, आणि त्याचाच गौरव!

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. फौजेचा खर्च निजामाला झेपेना, थकबाकी वाढत गेली. अखेर १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे हिंगोलीच्या छावणीतल्या शिपायाचा पगार वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या साऱ्यातून निघू लागला. शिपायाला वाटे आपण सरकारचे मीठ खातो. ते मीठ शेतकऱ्याच्या घामाचे होते, पण त्या शेतकऱ्याला त्याच्यावर काडीचा अधिकार नव्हता.

१८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळाने बंड केले. ते चिरडले गेले आणि बंडवाल्यांना कठोर शिक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी याच कंटिंजंटच्या तुकड्या मध्य हिंदुस्थानात इंग्रजांच्या बाजूने लढत होत्या. एकाच फौजेत दोन्ही प्रकारची माणसे होती, आणि दोघांनाही आपण इमानाला जागलो असेच वाटले असेल. इमान कुणाशी, हे ठरवायचा हक्क मात्र शिपायाला नव्हता.

त्याच पलटणींचा दुसरा जन्म

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. पायदळाला ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. १९२२ च्या फेररचनेत त्यांची ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली. तोवर भरतीचा मुलूख बदलत चालला होता. दख्खनच्या शिपायांच्या जागी कुमाऊंचे पहाडी आणि हरियाणातले अहिर जवान येत गेले. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी रेजिमेंटचे नाव ‘कुमाऊं रेजिमेंट’ झाले. नाव पहाडाचे, मूळ दख्खनचे.

या रेजिमेंटची चौथी बटालियन म्हणजे १७८८ मध्ये एलिचपूरच्या सलाबत खानाने उभारलेल्या पलटणीची वारस. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळच्या बडगाम येथे तिच्याच एका कंपनीचे नेतृत्व मेजर सोमनाथ शर्मा करत होते. हात प्लास्टरमध्ये होता. त्या स्थितीत ते एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चावर धावत जवानांना काडतुसे भरून देत राहिले. त्यांना आणि त्यांच्या कंपनीतल्या अनेकांना तिथे वीरमरण आले. श्रीनगरचा विमानतळ वाचला. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांचे. पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला येथे याच रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनची, मेजर शैतान सिंह यांची कंपनी सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली.

रिसाल्याची कथाही अशीच. कंटिंजंटच्या घोडदळातून ‘डेक्कन हॉर्स’ आली. पहिल्या महायुद्धात, १४ जुलै १९१६ रोजी, तिचे स्वार फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर भाले घेऊन धावून गेले. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत हीच रेजिमेंट रणगाड्यांसह उभी होती, आणि तिचे नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. त्यांना महावीर चक्र मिळाले, १९७१ च्या युद्धात पुन्हा एकदा मिळाले, आणि १९८३ मध्ये ते सेनाप्रमुख झाले.

माणसे बदलली, हत्यारे बदलली, शिस्त तीच राहिली. बदलले ते मीठ. बडगामला सोमनाथ शर्मा कुणा नवाबासाठी किंवा रेसिडेंटसाठी लढत नव्हते.

१७ सप्टेंबर

मराठवाड्यात सेनेबद्दल जे ममत्व आहे त्याची तारीख सांगता येते. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, हिंगोली नाही. त्यानंतर तेरा महिने इथल्या लोकांनी निजामी राजवट आणि रझाकार सोसले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली माणसे लढली, तुरुंगात गेली, मेली. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची आठवण जपत उभे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना चहूबाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्यासमोर त्याची फौज शरण आली. ज्या मुलखाने दीडशे वर्षे लष्कर म्हणजे धाक असे पाहिले होते, त्याने पहिल्यांदा आपले लष्कर पाहिले.

त्या दिवसांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्तीनंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. विजयाच्या दिवसांत संयम राखणे हेच कोणत्याही सेनेला आणि समाजाला सर्वांत अवघड असते. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्याने हे दुःखही आपले मानावे.

चौधुरी संस्थानचे लष्करी गव्हर्नर होते. वर्ष-सव्वा वर्षात कारभार नागरी प्रशासनाकडे गेला आणि सेना बराकीत परतली. आशिया-आफ्रिकेत नव्याने स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांत असे घडले नाही. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले, म्हणून तो सेना दिन. त्या दिवसापासून आजवर भारतीय सेनेने सत्तेच्या खुर्चीकडे पाहिलेले नाही. मला हा तिचा सर्वांत मोठा विजय वाटतो.

नाम, नमक, निशान

सेनेत मूल्ये तीन शब्दांत सांगतात: नाम, नमक, निशान. पलटणीचे नाव, खाल्लेले मीठ आणि ध्वज. प्रशिक्षण संपले की कसम परेड होते. तिथे जवान राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो. कंटिंजंटचा शिपाई आणि आजचा जवान यांच्यातला सगळा फरक त्या एका शपथेत मावतो.

बाकीची मूल्ये रोजच्या वागण्यातून अंगी बाणतात. अधिकाऱ्याने आधी देशाचा, मग आपल्या जवानांच्या सुखसोयींचा, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा विचार करायचा, ही शिकवण डेहराडूनच्या अकादमीत १९३२ पासून दिली जाते. अनेक युनिट्समध्ये एकाच छताखाली सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असतात. सणाच्या दिवशी सगळे आरतीला उभे राहतात आणि सगळेच ईदची खीर खातात. आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही शिवाजी महाराजांची ताकीद आपल्याला परकी नाही. सैनिकाला रोख पगार द्या म्हणजे तो लोकांना लुबाडणार नाही, हे महाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

मराठी माणसाच्या दोन पलटणी तर घराघरात माहीत आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी ‘जंगी पलटन’ १७६८ ची, केंद्र बेळगावला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. महार रेजिमेंटच्या मागे एका समाजाचा लढा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजी सकपाळ यांचे चिरंजीव, महूच्या छावणीत जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, या अन्यायाविरुद्ध उभे राहिले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सेनेतली नोकरी म्हणजे माणूस म्हणून मान मिळवण्याची वाट, हे बाबासाहेबांनी घरातच अनुभवले होते.

आता वाट कुठून?

पहाटे धावणाऱ्या मुलांसाठी थोडे सरळ बोलतो. जवान म्हणून भरती आता अग्निपथ योजनेतून होते. ती १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, वय साडेसतरा ते एकवीस असे तेव्हा ठरले. नियम बदलतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार. त्यातला तीस टक्के भाग निधीत जातो, तेवढीच रक्कम सरकार घालते, आणि शेवटी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी हाती येतो. पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर, म्हणजे या योजनेतले जवान, पुढे कायम होतात.

आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग ग्राउंड, मग मेडिकल, हा आजचा क्रम. हिंगोलीची मुले छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतात. लेखी परीक्षा आता मराठीतूनही देता येते, ही आपल्या खेड्यांसाठी मोठी सोय झाली. तरी अनेक जण फक्त सोळाशे आणि बीमवर जोर देतात, आणि गणितात किंवा मेडिकलला अडकतात. सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे, दात, कान, डोळे हे सारे वर्षभर आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस दारात उभा करू नये. शेत गहाण टाकून भरती होत नाही.

चार वर्षांनंतर पंचाहत्तर टक्के मुले घरी येणार, ही काळजी खोटी नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवण्याचे ठरले आहे. हिंगोलीतच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, वर्दीची वाट तिथेही आहे. पण खरा आधार शिक्षणाचा. नोकरीत असतानाच पदवी पूर्ण करावी, हाताला एखादे कसब लावावे.

अधिकारी होण्याचे स्वप्न आपल्याकडे फार कमी मुलांना दाखवले जाते, याचे मला वाईट वाटते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा बारावीत असताना देता येते. ती वर्षातून दोनदा होते. लेखी नऊशे गुणांची, मुलाखतही तेवढ्याच गुणांची आणि पाच दिवस चालणारी. त्यासाठी तयार करणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात. दहावीत असतानाच तिची प्रवेश परीक्षा माहीत असली पाहिजे. पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, एनसीसीची खास प्रवेशवाट आहे, अभियंत्यांना तांत्रिक प्रवेश आहे. मुलींचे दारही आता उघडले आहे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्त्रियांना सेनेत कायम कमिशनची वाट मोकळी झाली, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सेनगाव किंवा कळमनुरीच्या शाळेतल्या मुलीने हे वाचावे, म्हणून मुद्दाम लिहितो.

फलाटावरची पेटी

‘हिंगोली डेक्कन’च्या फलाटावर कधी एखादी काळी पत्र्याची पेटी दिसते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा, नंबर लिहिलेला. शेजारी सुटी संपवून निघालेला मुलगा. आई पिशवी पुन्हा पुन्हा तपासते, लोणचे नीट बांधले का, हळदीची पुडी घेतली का. बाप लांब उभा राहून गाडीच्या दिशेला पाहत असतो. ‘लेकरा, पोचल्यावर फोन कर,’ एवढेच आई म्हणते.

सातशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत चालत गेले आणि तिथल्या लोकांचे झाले. घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, सीमेच्या मुलखात. आज नर्सीच्या पंचक्रोशीतला जवान त्याच बाजूला तैनातीवर गेला, तर तो परमुलखात जात नाही, ओळखीच्या वाटेने जातो.

त्याचा पगार आता रेसिडेन्सीतून येत नाही. मोबाइलचे रिचार्ज मारणाऱ्या, खताची गोणी घेणाऱ्या प्रत्येकाच्या करातून येतो. त्या फलाटावर हात जोडून उभ्या असलेल्या त्याच्या बापाच्याही. मीठ घरचे आहे. म्हणून त्याला जागायची जबाबदारी एकट्या पोराची नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला डब्यात नाणे टाकून ती संपत नाही. गावातल्या वीरपत्नीच्या अर्जावर ग्रामपंचायतीत सही वेळेवर होते का, माजी सैनिकाच्या मुलीची फी थकली आहे का, चार वर्षांनी परत आलेल्या अग्निवीराला गावात कुणी काम देते का, हे विचारत राहणे हे आपल्या वाट्याचे मीठ आहे.