रात्रभर जागून या

सकाळी ७.५०
मिरजेतल्या एका न्यूरोलॉजी क्लिनिकचं शटर वर जातं. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढणाऱ्या ताई आधी मशीनची खोली उघडतात. इन्व्हर्टरचा दिवा बघतात. काल धुऊन टांगलेल्या वायरी एकेक करून हातात घेतात. एकीचं टोक तुटायला आलंय. ती बाजूला, नवी लावली. पेस्टच्या डब्यात बोटभर पेस्ट उरली आहे. आजचा दिवस निघेल.

८.१५
पहिला पेशंट इचलकरंजीचा. वय १९, यंत्रमागावर कामाला. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सोबत आई आणि मामा. पोरगं भिंतीला टेकून उभं, डोळे लाल. ताईंनी काल फोनवर बजावलं होतं: रात्रभर जागायचं, केस शाम्पूनं धुवायचे, तेल नको, नाश्ता करायचा, चहा घ्यायचा नाही.

"चहा घेतला नाहीस ना, बाळा?"
"न्हाई मॅडम. पन लय जड गेलं."

चहाची बंदी उगाच नाही. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा जाळत राहतात, त्यातून ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं. जागरण वाढेल तसा साठा वाढतो आणि डोळे मिटू लागतात. चहातलं कॅफिन नेमकं ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. रात्रपाळीत चहावर चहा होतो, पण साठा कमी होत नाही. तो नुसता जाणवेनासा होतो.

८.३०
टेप निघते. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटीमीटर. त्याचे दहा टक्के, मग वीस-वीस टक्के, तांबड्या पेन्सिलीनं खुणा. खुणेवर खरखरीत जेल घासायचं, केस दुभागायचे, पेस्ट भरलेली वाटी दाबायची, वर कापसाचा तुकडा. असं एकवीस वेळा. ताईंची बोटं थांबत नाहीत. आई तेवढ्यात सांगते, कारखान्यात फिट आली तेव्हा पोरांनी नाकाला कांदा लावला.

"आणि सकाळी हाताला झटके येतात का, मावशी?"
"येत्यात की. कप सुटतो हातातनं. मला वाटायचं, ह्येचं ध्यान नसतं."

ताई हे लिहून घेतात.

९.००
डोळे उघड, डोळे मीट. तीन मिनिटं जोरजोरात श्वास. मग डोळ्यांसमोर चमकणारा दिवा. मग, "झोप आता." दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

९.२०
पडद्यावर दहा सेकंदांचं एक पान सरकतं. झोपेच्या लहरींचे झुबके दिसू लागतात. मेंदूच्या आत खोलवर, थॅलॅमसमध्ये, काही पेशी गाबा नावाचं लगाम घालणारं रसायन सोडतात. शेजारच्या पेशी थांबतात, सुटतात, पुन्हा थांबतात. त्या तालातून हे झुबके उठतात. काही फिटांमध्ये हेच सर्किट भलत्या लयीत धावतं. म्हणून ताई इथे पापणी हलवत नाहीत.

९.५०
"ऊठ रे बाळा." तो कूस बदलतो. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळतात: टोकदार टोकं, मागून रुंद लाट, पुन्हा टोकं. त्याच क्षणी उजवा हात चादरीवरून उडतो. दोन सेकंदांत सगळं शांत. ताई कळ दाबून वेळेची खूण करतात. मुलगा विचारतो, "झालं?"

ॲडेनोसिन मेंदू शांत करतं. फिट सुरू झाली की तेच झपाट्यानं वाढतं आणि ती थांबवायला मदत करतं. मग जागरणानं फिट का यावी? कारण हिशेब एकट्या ॲडेनोसिनचा नाही. जितके तास जागं राहावं, तितका मेंदूचा बाहेरचा थर जास्त चटकन पेटतो. याच्यासारख्यांच्या मेंदूत गाबाचा लगाम बहुधा मुळातच सैल. निरोगी माणूस जागरणानंतर जांभया देतो. याच्या हातातून कप सुटतो.

१०.२०
कोमट पाण्यानं केसातली पेस्ट सुटते, सगळी नाही. तपासणीचे १५०० रुपये मामा मोजतो. पोराच्या दोन पाळ्या बुडाल्या, त्याचे बाराशे वेगळे.

दुपारी १.००
आणखी तीन पेशंट. एका तीन वर्षांच्या पोरीला झोप यावी म्हणून मेलाटोनिन दिलं आहे. अंधार पडला की मेंदू स्वतःच ते सोडतो. भरदुपारी गोळी लागते. आई अर्धा तास मांडीवर थोपटते.

२.१०
ताईंचा डबा. भाकरी, वांगं. पगार १९ हजार, पाळी एकच, दिवसाची.

४.४०
डॉक्टर इचलकरंजीच्या मुलाच्या रेघा बघतात, सकाळच्या झटक्यांबद्दल पुन्हा विचारतात. आधीच्या चिठ्ठीवरची कार्बामाझेपिन बंद. फिटांच्या या प्रकारात तिनं झटके वाढू शकतात. आता व्हॅलप्रोएट, दिवसातून दोनदा.
"आणि रात्रपाळी बंद. रोज ठरल्या वेळी झोपायचं."
"गोळी घेतली तरी?" मामा विचारतो.
"घेतली तरी."
"किती दिवस?"
"गोळी बरीच वर्षं. झोपेची वेळ मात्र कायम पाळायची."

५.१५
औषधाच्या दुकानासमोर मुलगा कारखान्याच्या दिवाणजींना फोन लावतो. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, दिवसाचीच पाळी द्या, म्हणतो. मग बराच वेळ नुसतं ऐकतो.
"काय म्हनले?" आई विचारते.
"रात्रीला दुसरा गडी मिळाला तर बघतो म्हनले. सोमवारपर्यंत घरीच ऱ्हा."
मामा गोळ्यांच्या पट्ट्या मोजून पिशवीत टाकतो, महिन्याभराच्या.