संगणकाची नाडीपरीक्षा (भाग ९) : तारखेपेक्षा तास खरे

हार्ड डिस्कवरच्या खराब सेक्टरांची नोंद कशी वाचायची, ते मागच्या भागात पाहिलं. त्या नोंदीत चूक कोणत्या तारखेला झाली हे कुठेच लिहिलेलं नसतं, असतात ते नुसते तास. हे अनेकांना अपुरं वाटतं. माझ्या मते निदानाच्या दृष्टीने तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

का, ते कळण्यासाठी आधी तारीख ठेवणारं संगणकाचं घड्याळ पाहू. संगणक बंद असतानाही वेळ पुढे सरकत राहते ती मदरबोर्डवरच्या तीन व्होल्टच्या बटणसेलमुळे. त्याच्या जोरावर एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांवरून सेकंद मोजला जातो. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीमध्ये या कामासाठी मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. ती वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवायची, शतक वेगळ्या जागी लिहून ठेवावं लागे. पुढच्या पीसींनी तीच रचना उचलली. सेल संपला की तारीख जाते आणि यंत्र भलत्याच जुन्या वर्षात जागं होतं.

चिप बनवणाऱ्यांनी याची सोय केली होती. सेलचा पुरवठा तुटला की तिच्यातला एक ठरावीक बिट शून्य होतो, म्हणजे ‘माझ्या वेळेवर विश्वास ठेवू नका’ असं चिप स्वतःच सांगते. चांगलं तपासणी सॉफ्टवेअर आधी हा बिट पाहतं. शिवाय चिप दर सेकंदाला आपले आकडे बदलते. नेमकं त्याच क्षणी वाचलं, तर मिनिट जुनं आणि सेकंद नवा अशी सरमिसळ हाती येते. म्हणून वेळ लागोपाठ दोनदा वाचतात आणि दोन्ही वाचनं जुळली तरच ती धरतात.

आता डिस्ककडे वळू. सर्वसाधारण हार्ड डिस्कला ना सेल असतो, ना कॅलेंडर. आपण किती तास चालू होतो, एवढंच ती मोजते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा जो ‘स्मार्ट’ तपशील ठेवते, त्यात नवव्या क्रमांकावर दिसतो तो हाच आकडा. (काही डिस्का इथे तासांऐवजी मिनिटं मोजतात, त्यामुळे आकडा अवाढव्य दिसला तर लगेच घाबरू नका.) मदरबोर्डचा सेल संपो, कुणी तारीख मागे घेवो किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावो, या मोजणीला धक्का लागत नाही.

पण मोजणीलाही मर्यादा असते. रिक्षाच्या मीटरवर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यं दिसतात, तसंच इथेही होतं. स्वयं-चाचणीच्या नोंदीत तासांसाठी १६ बिट राखलेले आहेत. त्यामुळे ६५,५३६ तासांनी, म्हणजे सतत चालू असलेल्या डिस्कवर सुमारे साडेसात वर्षांनी, तो आकडा पुन्हा शून्यावर येतो. समजा एकूण तास ७०,००० आहेत आणि शेवटच्या चाचणीपुढे ४,४०० लिहिलंय. ही चाचणी डिस्क नवी असतानाची, असा निष्कर्ष घाईत निघेल. ७०,००० मधून ६५,५३६ वजा करा. उरतात ४,४६४. म्हणजे चाचणी ६४ तासांपूर्वीचीही असू शकते.

चुकांच्या नोंदीत तासांच्या जोडीला वेळ मिलिसेकंदांतही असते आणि तिला ३२ बिट मिळतात. ती मोजणी ४९.७१ दिवसांत संपते. डिस्क तपासण्यासाठी वापरलं जाणारं स्मार्टसीटीएल हे मुक्त सॉफ्टवेअर ही मर्यादा अहवालातच छापतं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. आकडा कुठवर खरा आहे हे सांगितल्याशिवाय तो वाचणाऱ्याच्या हाती देऊच नये.

या मर्यादेकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये जगाने पाहिलं. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या ग्राहकांना कळवलं, की काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यांतली माहितीही परत मिळणार नाही. उपाय एकच, त्याआधी फर्मवेअर बदलणं. चिन्हासहित १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ आहे, म्हणजे त्या तासांहून नेमकी एकाने कमी. सर्व्हरमध्ये अशा डिस्का एकाच दिवशी बसवतात, त्यामुळे त्या जवळपास एकदमच जाण्याचा धोका होता. एकीवरची माहिती दुसरीवर राखून ठेवण्याची व्यवस्था अशा वेळी कामाला येत नाही.

तेव्हा वाचकहो, डिस्क तपासाल त्या दिवशीची खरी तारीख आणि अहवालातले एकूण तास एका वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला हीच जोडी पुन्हा लिहा. एखादी चूक कोणत्या आठवड्यात झाली, हे त्या दोन ओळींवरून काढता येतं. डिस्कला ते स्वतःहून सांगता येत नाही.