मुरडशेंग : साडेतीनशे वर्षांची नोंद

बाळगुटीच्या साहित्यात हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ यांच्या जोडीला मुरडशेंग असतेच. वरोऱ्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात ती सुटी मिळते, आणि वरोऱ्याहून शेगावमार्गे चिमूरकडे निघालं की सागाच्या जंगलात रस्त्याच्या कडेलाच तिची झुडपं दिसू लागतात. दुकानातली शेंग ओळखणारे पुष्कळ आहेत. झुडूप ओळखणारे त्या मानाने थोडे. आणि या झुडपाची शास्त्रीय नोंद कशी होत गेली, कुणी केली, त्यात आपल्या चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, जंगल कधी आलं, हे तर वनस्पतिशास्त्राच्या वर्गाबाहेर कुणी सांगत नाही. ती हकिगत मला फार मोलाची वाटते. एका साध्या रानझुडपाकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या किती वेगवेगळ्या नजरेने पाहत आली, ते तिच्यात दिसतं.

पहिली मोठी नोंद झाली ती मलबारात. कोचीचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे त्याचं नाव. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या सहाव्या खंडात ‘इसोरा-मुर्री’ या मलबारी नावाखाली मुरडशेंगेचं चित्र आणि वर्णन आहे. या ग्रंथाचं श्रेय बराच काळ एकट्या ऱ्हीडला दिलं गेलं, पण खुद्द ग्रंथातच त्याच्या मदतनीसांच्या साक्षी छापलेल्या आहेत. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य त्यांत होता. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी 1675 साली दिलेली साक्ष नागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. सतराव्या शतकात युरोपात छापलेल्या पुस्तकात नागरी अक्षरं उमटली ती वनस्पतींच्या कामासाठी, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

नंतर आला लिनियस. स्वीडनचा हा शास्त्रज्ञ भारतात कधीच आला नाही. त्याने 1753 साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’ प्रसिद्ध केलं आणि ऱ्हीडच्या ग्रंथाचा हवाला देऊन या झुडपाला ‘हेलिक्टेरिस आयसोरा’ असं द्विपदी नाव दिलं. त्यातलं ‘आयसोरा’ मलबारातून आलेलं. हे नाव आजही चालू आहे. पण लिनियसने झुडूप बसवलं कुठे, हे पाहिलं तर आज आश्चर्य वाटेल. त्याने सगळ्या वनस्पतींचे चोवीस वर्ग केले होते, आणि ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि रचना पाहून. मुरडशेंग गेली विसाव्या वर्गात, ‘गायनँड्रिया’त, म्हणजे ज्यांचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र आलेले असतात अशा वनस्पतींत. तिथे तिच्या शेजारी होती ऑर्किडं आणि कृष्णकमळ.

लिनियसला असं का वाटलं, ते समजायला फूल हातात घ्यावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरात वरोरा-चिमूर रस्त्याच्या कडेला हे झुडूप भर फुलोऱ्यात असतं. उंची माणसाएवढी किंवा थोडी जास्त. पानं एकाआड एक, कडा दातेरी, देठाकडचा भाग हृदयाकृती पण दोन्ही बाजूंना सारखा नाही, आणि टोक एकदम निमुळतं झालेलं. पानावरून बोट फिरवलं की खरखर लागते. भिंगाखाली धरलं तर ती लव चांदणीसारखी फाकलेली दिसते. पानाच्या बगलेत दोन-चार फुलं एकत्र येतात. नवं फूल विटकरी लाल असतं. एक-दोन दिवसांत तेच फूल निळसर राखी होतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात. पाकळ्या पाच, पण सारख्या नाहीत. आणि या पाकळ्यांतून एक लांब, बाकदार दांडी बाहेर येते. तिच्या अगदी टोकाला इवलासा किंजपुट आणि त्याला वेढून दहा पुंकेसर. नर आणि मादी हे दोन्ही अवयव एकाच दांडीवर, फुलापासून लांब. लिनियसने तेवढंच पाहिलं आणि त्यावरून वर्ग ठरवला.

ही दांडी निसर्गाने उगाच लांबवलेली नाही. फुलात मध असतो आणि तो प्यायला शिंजीर येतात. पक्षी फुलात चोच घालतो तेव्हा दांडीचं टोक त्याच्या डोक्याला लागतं आणि पराग तिथे चिकटतात. ताज्या फुलात आधी पराग मोकळे होतात, नंतर किंजल्क तयार होतो. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्याच फुलाला लागण्याची शक्यता वाढते. या परागणाचा अभ्यास आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी केला आणि तो 2000 साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. ऱ्हीडच्या चित्रानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी! फुलाचा आकार आधी टिपला गेला, त्या आकाराचं काम काय हे फार उशिरा कळलं.

फळ धरताना किंजपुटाचे पाचही कप्पे एकमेकांभोवती वळत जातात आणि पीळ घातलेल्या दोरीसारखी शेंग तयार होते. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ही एक शेंग नाही, पाच पेटिकांचा जुडगा आहे. सुकल्यावर टोकाकडून त्या थोड्या सुटतात आणि आतलं बारीक, कोनदार बी गळतं. पोटातल्या मुरड्यावर हीच शेंग उगाळून देतात.

लिनियसचे वर्ग ओळखायला सोपे होते, पण नाती सांगत नव्हते. हा दोष फ्रान्सच्या आंत्वान लोराँ द जुस्यू याने हेरला. 1789 साली त्याने अनेक लक्षणं एकत्र पाहून नैसर्गिक कुलं मांडली. त्याच्या मांडणीत मुरडशेंग ऑर्किडांमधून उठली आणि कापूस, सावर, जास्वंद यांच्या मोठ्या ‘मालव्हेसी’ कुलात आली. माझ्या मते या झुडपाच्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणं पाऊल होतं. पण ते टिकलं नाही. एकोणिसाव्या शतकात या मोठ्या कुलाचे तुकडे झाले. परागकोशाला एकच कप्पा असेल तर मालव्हेसी, दोन असतील तर स्टर्क्युलिएसी. सावर-गोरखचिंच बॉम्बॅकेसीत. धामण आधीपासूनच टिलिएसीत होती. मुरडशेंग कढईच्या, म्हणजे कुलूच्या, स्टर्क्युलिएसी कुलात गेली. खरं तर तिच्या परागकोशाचे कप्पे एकमेकांपासून फाकलेले असतात आणि कधी टोकाशी मिसळूनही जातात. म्हणजे ही हद्दरेषा तिच्या बाबतीत पहिल्यापासूनच कच्ची होती. मधल्या काळात व्हिएन्नाच्या शॉट आणि एंडलिखर यांनी 1832 साली तिची प्रजातीही वेगळी काढून पाहिली आणि ‘आयसोरा कोरिलिफोलिया’ असं नाव दिलं. ते मागे पडलं.

बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ‘जेनेरा प्लँटॅरम’ने स्टर्क्युलिएसीवर शिक्का मारला, आणि पुढे हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’तही (1872 ते 1897, सात खंड) तेच आलं. भारतातली वनस्पतिसंग्रहालयं आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम या मांडणीवर उभे राहिले. आजच्या निवृत्त प्राध्यापकांना विचारा. त्यांना मुरडशेंगेचं कुल स्टर्क्युलिएसीच आठवेल.

आता चांद्याकडे येतो. मराठी मुलखाच्या वनस्पतींचा आधारग्रंथ म्हणून आपण थिओडोर कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’चं (1901 ते 1908) नाव घेतो. कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता आणि त्याचं काम थोर आहे. पण चांदा तेव्हा मध्य प्रांतात. प्रांताची सीमा आली आणि आपलं जंगल त्या ग्रंथाबाहेर राहिलं. या भागाच्या वाट्याला आल्या त्या वनखात्यासाठी केलेल्या नोंदी. भारताचा पहिला वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस याचा उत्तर-पश्चिम आणि मध्य भारताच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1874 सालचा. त्यानंतर हेन्री हेन्स या वनाधिकाऱ्याने 1916 साली मध्य प्रांताच्या दक्षिण वनवृत्तातील झाडं, झुडपं आणि उपयुक्त वनस्पतींची वर्णनात्मक यादी प्रसिद्ध केली. चांद्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला आजही हेन्सपासून सुरुवात करावी लागते.

या वनाधिकाऱ्यांचं लक्ष सागावर होतं. मुरडशेंग त्यांच्या दृष्टीने सागाखालचं दाट झुडूप. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग, तुटला की उजेड मिळून ती फोफावते, वणवा लागून गेला तरी मुळांपासून पुन्हा फुटते. सालीपासून निघणाऱ्या वाखाची नोंद मात्र त्या काळच्या आर्थिक वनस्पतींच्या ग्रंथांत आहे, कारण दोरखंडाला किंमत होती. केवण या नावानेही ती अनेक ठिकाणी ओळखली जाते. गुरांची दावी, मोळीचे दोर या वाखाचेच होत.

1956 साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात 1955 सालीच सुरू झालं होतं, त्यामुळे चांद्याचे नमुने पुण्याकडे जाऊ लागले. 1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. 1992 साली मल्होत्रा आणि मूर्ती यांचं ताडोबा राष्ट्रीय उद्यानाच्या वनस्पतींवरचं पुस्तक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलं. 2000 आणि 2001 साली ‘फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट’चे द्विदल वनस्पतींचे दोन खंड निघाले. सबंध महाराष्ट्राच्या वनस्पतींत चंद्रपूर-गडचिरोली हक्काने बसले ते इथे. कुकनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

आणि नेमक्या त्याच सुमारास कुलाची मांडणी उलटीपालटी झाली. 1998 साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपने डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची नवी रचना जाहीर केली. 1999 साली हरितलवकातल्या जनुकांवरचे निष्कर्ष आले. स्टर्क्युलिएसी, बॉम्बॅकेसी, टिलिएसी ही कुलं स्वतंत्र ठरेनात. सगळी मालव्हेसीत आली. जुस्यूने 1789 साली फुलं हातात घेऊन जे ओळखलं होतं, त्याच्या फार जवळ रेणूंचा पुरावा जाऊन पोहोचला. मुरडशेंगेच्या नावावरून आता एक उपकुलही आहे, हेलिक्टेरॉइडी. त्यात तिचा जवळचा नातलग कोण, तर आग्नेय आशियातला उग्र वासाचा दुरियान!

वरोऱ्यातल्या माणसाला या नात्याचा अर्थ लगेच कळेल. इथल्या शेतातली पऱ्हाटी, बांधावरची अंबाडी, परसातली भेंडी, जंगलातली सावर, कढई, धामण आणि मुरडशेंग, हे सगळं एका कुलातलं. या मंडळींची साल सोलून पाहा, बहुतेकांत चिवट धागा मिळेल; पान चुरगाळून पाहा, बहुतेकांत बुळबुळीत चीक लागेल. गुराखी आणि वैदू हे पूर्वीपासून जाणतात. त्यांनी त्याला कुल म्हटलं नाही, इतकंच.

इथेच मला या सगळ्या नोंदींमधली उणीव जाणवते. मलबारात 1675 साली वैद्यांची साक्ष त्यांच्या नावानिशी, त्यांच्या भाषेत छापली गेली. चांद्याच्या जंगलाबद्दल झालेल्या नोंदींत माहिती सांगणाऱ्या गोंड, माडिया, कोलाम माणसांची नावं शोधून सापडत नाहीत. झुडपाचं वर्णन पूर्ण आहे: पान, फूल, लव, बी, सगळं मोजलेलं. पण ते कुणाच्या रानात, कोणत्या नावाने ओळखलं जातं, वाख कोणत्या महिन्यात काढतात, शेंग झाडावर किती सुकू देतात, हे लिहिलेलं नाही. हे गौण तपशील आहेत असं मी मानत नाही. वनस्पतीचं वर्णन त्यांच्याशिवाय अर्धंच राहतं.

ते पूर्ण करायचं साधन आता हाताशी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. बऱ्याच नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या, एका गावाची यादी दुसऱ्या गावात उतरवली गेली. पण चुकीची नोंद दुरुस्त करायला कुणी अडवलेलं नाही. वरोरा, चिमूर, भद्रावती, चामोर्शी, एटापल्लीच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं याच गावांतली आहेत. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावशिवारातली एक फांदी दाबून आणायला सांगा, आणि त्या कागदावर शास्त्रीय नावाखाली गावातलं नाव, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने, आणि तारीख लिहायला लावा. मुरडशेंगेपासून सुरुवात करता येईल. ती ऑगस्टमध्ये फुलते.