टाकी पेट्रोल का घेत नाही?



ऊसनोंदी, प्लॉट पाहणी, तोडीचा कार्यक्रम यांपायी आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींचे दिवस कच्च्या रस्त्यावरच जातात. सभासदांच्या दारातही आता चारचाकी उभी असते. त्यामुळे एक तक्रार गटागटांतून कानावर येते. पंपावर नोझल टाकीत घातले, की लिटर-दोन लिटरला ‘खट्’ करून बंद! पुन्हा दाबा, पुन्हा बंद. कधी तर पेट्रोल उसळून अंगावर येते. मग कोणी पंपवाल्यावर डाफरतो, कोणी इथेनॉलला नावे ठेवतो.

दुखणे बहुधा वेगळेच असते. अरुंद तोंडाची घागर पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात. हवा बाहेर पडेल तेवढेच पाणी आत शिरते. टाकीचेही तसेच. हवेची वाट अडली की पेट्रोल भरणीच्या नळीतच तुंबते. नोझलच्या टोकाला बारीक भोक असते. ते पेट्रोलात बुडाले की नोझल आपोआप बंद पडते, मग टाकी रिकामी का असेना.

आजच्या पेट्रोल गाडीत टाकीतली हवा कोळशाच्या डब्यातून, म्हणजे कॅनिस्टरमधून, बाहेर जाते. कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवतो. या डब्याचे बाहेरचे तोंड धूळ, चिखल, कोळ्याचे जाळे किंवा कुंभारणीच्या घराने बुजू शकते.

तपास क्रमाने करावा :

१. दुसऱ्या पंपावर भरून पाहा. तिथे नीट भरले तर दोष पहिल्या नोझलचा.

२. नोझल किंचित बाहेर ओढून, थोडे फिरवून, सावकाश भरा.

३. भरणीची व हवेची नळी कुठे चेपली, पिळली आहे का ते पाहा.

४. एवढ्याने भागले नाही तर मेकॅनिक गाठा. टाकीपासून कॅनिस्टरकडे जाणारी नळी त्याने सोडल्यावर टाकी नीट भरली, तर अडथळा कॅनिस्टरकडे. तरीही अडली, तर टाकीकडच्या नळीत किंवा झडपेत. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, विडी-काडी दूर ठेवूनच व्हावे.

टाकीत तार खुपसू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आणि ‘खट्’ झाल्यावर हिशेब पुरा करायला आणखी पेट्रोल कोंबू नका. ते कॅनिस्टरमध्ये उतरून कोळसा भिजतो आणि नसलेले दुखणे मागे लागते.

आता इथेनॉलविषयी. २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. २०२५ मध्ये देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. त्याने टाकीत हवा कोंडत नाही. मात्र ते पाणी ओढते आणि जुन्या गाडीतले रबर त्याने मऊ पडू शकते. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात.

त्या पेट्रोलात आपल्या उसाचाही वाटा आहे, मंडळी! त्याला दोष देण्याआधी हवेची वाट तपासा.

— ऊस विकास अधिकारी